विहिरीकडचा हरभरा

सूर्य कासराभर वर आला तेव्हा नवरदेव अंग खाजवत ओसरीवर आला. गळ्यापासून बेंबीपर्यंत तांबड्या पुरळाची जाळी उठली होती. हळद त्याच दुपारची, लग्न दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्तावर, आणि मुलीकडची माणसं अंजनगाव सुर्जीहून कालच येऊन गावाच्या पलीकडच्या टोकाला जानोशात उतरलेली.

पहिली ओरडली ती गोदाबाई. सूर्यभान आणि देवीदास या दोघा भावांची ती थोरली बहीण. दिलेली कौंडण्यपूरला, पण बार्शीटाकळीच्या या घरात कार्य निघालं की आधी येऊन चुलीपासून मांडवापर्यंत सगळं ताब्यात घ्यायची. तिच्या होकारावाचून इथे अक्षतांना हळद लागत नसे.

"काय लावलं व या पोट्ट्याच्या आंगाले?"

"काई नाही, आत्याबाई," शेषराव म्हणाला आणि दोन्ही हातांनी पोट खाजवू लागला. "कालची चोरहळद. तेवढीच."

चोरहळद म्हणजे आदल्या संध्याकाळी घरातल्या बायकांनी नवरदेवाला गुपचूप लावायची बोटभर हळद. बोटभर हळदीने असं पुरळ उठत नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. 

माणिकबाई गोठ्याच्या दारात शेणाची पाटी घेऊन उभी होती. ती शेषरावची आई होती आणि नव्हतीही. देवीदासची पहिली बायको शेषराव रांगता असताना गेली. माणिकबाईचाही नवरा गेलेला. देवीदासने तिच्याशी पाट लावला. पाटाचं लग्न संसाराला पुरतं, शुभकार्याला पुरत नाही. पाटाच्या बाईने भाकरी थापावी, शेण काढावं, दुसरीचं पोर छातीशी धरून वाढवावं. हळदीच्या जात्याला मात्र हात लावू नये. शेषरावचं जावळ काढलं तेव्हा ती बांबूच्या तट्ट्यामागे उभी राहिली होती. काल चोरहळदीच्या वेळीही ती गोठ्यात होती. वारा ओसरीकडून येत होता. त्या वाऱ्यावर तिला हळदीचा वास आलाच नाही. आला तो अत्तराचा.

आता तोच वास पुन्हा आला. थोरली जाऊ लीलाबाई तिच्या अंगावरून घाईघाईने आत गेली. हात पदराखाली गुंडाळलेले. पदर क्षणभर सरकला, तेवढ्यात माणिकबाईने पाहिलं. लीलाबाईच्या बोटांवरही तेच तांबडे फोड होते.

माणिकबाईने नजर फिरवली.

तेवढ्यात सूर्यभान बाहेर आला. डोक्याला जरीचा फेटा, पायात करकरणारा नवा जोडा. दोन वर्षांत या घराची चाल बदलली होती. अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. सूर्यभानच्या बैलांच्या शिंगांना आता चांदीच्या शेंब्या होत्या. लग्न मुलीच्या दारी न होता आपल्याच दारी व्हावं, हा त्याचाच हट्ट. मुलीकडच्यांनी तो मुकाट्याने मानला, पण विसरले नव्हते.

त्याने पुतण्याकडे पाहिलं, मग गोठ्याकडे. "काल हळदीच्या वक्ताले कोनी मधात आलं होतं काय? पाटाच्या बाईची सावली पडली असंन. दुसरं काय होईन!"

देवीदास खाली पाहत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. थोरल्या भावापुढे त्याची मान नेहमीच खाली असायची, इतकंच.

माणिकबाईने पाटी खाली ठेवली. हात मातीने घासून धुतले. घरात गेली आणि एका वाडग्यात गार ताक, दुसऱ्यात पीठ घेऊन बाहेर आली.

"थांबव तिले," सूर्यभान धाकट्या भावाला म्हणाला. "हळदीच्या दिवशी नवरदेवाले पाटाचा हात?"

सूर्यभान तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याशी तोंडाने बोलायचं नाही, तोंडही दाखवायचं नाही, अशी रीत. म्हणून माणिकबाईने पदर नाकापर्यंत ओढला आणि ओसरीच्या खांबाकडे वळली.

"खांबदेवा, भासऱ्यांले सांग. हे औषध हाय. औषधाले पाट न लगीन काई नसते."

मांडवातल्या दोनतीन बायकांनी तोंडाला पदर लावले. सूर्यभान पेचात पडला. खांबाशी भांडता येत नव्हतं.

"बस इथं," ती शेषरावला म्हणाली.

"माय, खाजून राहिलं न लय."

"खाजवशीन तं कातडं जाईन. हात मांडीखाली दाब. लहानपनी दाबत होता तसे."

तो सहा फूट उंच, मिशी फुटलेला गडी हात मांडीखाली दाबून बसला. माणिकबाईने ताकात फडकं बुडवून आधी त्याचं अंग पुसलं. मग रवाळ पीठ ताकातच कालवून छातीवर थापलं. चोळलं नाही. तळहाताने हलके दाबायचं आणि उचलायचं. काल जे तेलकट काही कातड्यात मुरलं होतं ते पिठात उतरू लागलं. पिठाचा पिवळा रंग काळपट झाला. ते काढून फेकून तिने पुन्हा कोरं पीठ थापलं. हा पोरगा पाच वर्षांचा होईपर्यंत दर पावसाळ्यात खरजेने सोलून निघायचा. तेव्हापासून त्याच्या कातड्याला काय चालतं आणि काय नाही, हे तिच्या बोटांना पाठ होतं. शेवटी तिने दुधाची साय बोटावर घेऊन गळ्याला फिरवली.

शेषरावचे हात मांडीखालून बाहेर आले. खाजवायला नव्हे, त्याने जांभई दिली आणि आळस दिला.

"भूक लागली," तो म्हणाला.

गोदाबाई एवढा वेळ कमरेवर हात ठेवून बघत होती. तिने वाडग्यातलं पीठ चिमटीत घेतलं, चोळलं, हुंगलं. "हरभरा कुठचा?"

"विहिरीकडचा, बाई."

"हं." गोदाबाई वळली. "लीला, आता नीट हळद काढू. कनगीतला हरभरा काढ, हळकुंडं काढ. उटणं घरच्या रानातल्या दान्याचंच लागते. बाजारचा दाना नवरदेवाच्या आंगाले लागला तं संसार बाजारचा होते."

लीलाबाई हलली नाही.

"काढ न!"

"कनगीत हरभरा हाय, बाई," लीलाबाई हळूच म्हणाली. "पन थो अकोल्याच्या बाजारातला हाय."

"मंग दुसऱ्या कनगीतला घे."

"दुसऱ्यातली ज्वारी बी तिथलीच. तूर बी."

 आपल्याच घरातली गोष्ट आज पहिल्यांदा मोठ्याने बोलली गेली होती. भाव चढल्यापासून सूर्यभानने सगळ्या वावरांत सरकी पेरली होती. तुरीचं तास काढलं, ज्वारीचा तुकडा काढला. धुरा, म्हणजे शेताचा बांधसुद्धा सोडला नाही. धान्य काय, गाडीभर विकत आणता येतं, असं तो म्हणे. आणलंही. कणग्या कधी नव्हत्या इतक्या भरलेल्या होत्या आणि त्यात घरचा दाणा औषधालाही नव्हता.

"वा रे पाटील!" गोदाबाई भावाला म्हणाली. "शंभर जनाच्या पंगती उठवशीन, न पोराच्या आंगाले लावाले वंजळभर दाने नाही!"

सूर्यभान चिडला. "दाने नाही काहून? सरकी हाय न! आपल्याच रानातली हाय. दळा सरकी!"

"नवरदेवाले लावाची हाय, सूर्या. बैलाले चाराची नाही."

आता बायका पदराआड न लपवता हसल्या. देवीदासही हसला, आणि भावाने पाहताच खोकला.

मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकाच जागी गेल्या. माणिकबाई वाडगं धूत होती.

विहिरीकडची पट्टी सगळ्या घराला माहीत होती, कारण गेल्या मिरगात तिच्यावरून घर डोक्यावर घेतलं गेलं होतं. सूर्यभानने तिथेही नांगर पाठवला होता. माणिकबाईने आपली व्यायला झालेली गाय आणून तासात बांधली आणि स्वतः तिच्याजवळ बसली. गाभण गाय उठवायला गडी तयार होईना. सूर्यभानने बांधावरून खूप शिव्या दिल्या, तिने गाईच्या कानात सांगितलं, "भासऱ्यांले सांग, मले एवढीच पट्टी पाह्यजे." त्या पट्टीच्या कडेला तिने हळद लावली, आश्विनात हरभरा पेरला. मूठभर दाण्यांसाठी कापसाची जागा अडवणारी येडी, म्हणून घरादाराने तिला हिवाळाभर चिडवलं.

"माणिक," गोदाबाई म्हणाली, "तुह्या गाडग्यातला हरभरा दे. हळकुंडं बी दे."

"देतो न, बाई." माणिकबाईने वाडगं पालथं घातलं. "दान्यासंगं हात बी घ्या लागन."

"म्हंजे?"

"जात्याले पयला हात माहा."

कोणीतरी "अगं बया" म्हणालं. गोदाबाईचा चेहरा दगडी झाला. "तुले रीत मालूम नाही?"

"हाय. इतकी वर्षं तट्ट्यामागून तेच तं पाह्यली."

"पाटाच्या हातानं हळद दळली न पुढं काई झालं, तं?"

"मंग लग्नाच्या हातानं दळा. मी कोठी अडवलं? फक्त दाने बी लग्नाचेच आना."

लीलाबाई पुढे झाली. गोड बोलायची वेळ आली की ती आवाज बारीक करत असे. "माणिक, असं नोको करू, माय. पोट्टं तुह्यंच हाय. मी तुले माही पुतळ्याची माळ देतो. कायमची. दाने देऊन टाक."

माणिकबाईने जावेकडे बघितलं. पदराखाली गुंडाळलेल्या हातांकडे बघितलं. एक शब्द पुरला असता. काल काय लावलं ते सांग, एवढंच. लीलाबाईच्या डोळ्यांत ती भीती स्पष्ट होती. माणिकबाईने तो शब्द उच्चारला नाही. तिला जात्याजवळ बसायचं होतं. जावेला उठवून नव्हे.

"माळ तुमाले शोभते, जाऊबाई. मले जातं पाह्यजे."

सूर्यभानने पायरीवर जोडा आपटला. "पाह्यलं, बाई? सकाळी हिच्या सावलीनं पोट्ट्याचं आंग उतलं. न आता हेच अडून बसली! मुलीकडच्याइनं पुरळाचं विचारलं तं मी साफ सांगतो कोनाच्या पायी झालं थे. देवीदास, घे हिले न गोठ्यात नेऊन बसव!"

देवीदास उठला. दोन पावलं चालला. बायकोजवळ येऊन थांबला, आणि मग तिथेच, जमिनीवर, तिच्या शेजारी बसला.  भावाने सांगितलेलं काम त्याने केलं नाही, असं या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

"तू बी?" सूर्यभान म्हणाला.

"नोका सांगू कोनाले काई," हा आवाज लीलाबाईचा होता आणि बारीक नव्हता. तिने पदरातून हात बाहेर काढले. दहाही बोटं सुजून तांबडी झाली होती. कमरेची डबी काढून तिने ओसरीवर ठेवली. अत्तराचा वास मांडवभर पसरला. "अकोल्याच्या अत्तरवाल्याची डबी तुमी आनली. लय वासाचं उटणं हाय म्हने, मोठे लोक लावतात म्हने. लावली म्या. माह्या हाताची आग होत होती, तरी लावली. वास चांगला होता म्हून. माणिक तं गोठ्यातून बाहीर बी नाही आली."

सूर्यभानने डबीकडे पाहिलं, बायकोच्या हातांकडे पाहिलं, आणि तो पायरीवर खाली बसला.

"हिनं सकाळीच पाह्यले माहे हात," लीलाबाई पुढे म्हणाली. "बोलली नाही. मी असती तं बोलली असती."

गोदाबाई ओसरीच्या कडेला बसली. बराच वेळ ती डबीचं झाकण नुसतंच उघडत आणि लावत राहिली. रीत म्हणजे तिचा श्वास होता. ती रीत मोडणारी नव्हती, आणि भावाच्या धाकाला तर मुळीच मोजणारी नव्हती. ती हिशेब जुळवत होती.

"शेषू," तिने विचारलं, "आज सकाळपासून तुह्या आंगाले हात कोनाचा लागला?"

"मायचा."

"कोनत्या?"

पिठाने माखलेला शेषराव वैतागला. "मले किती माया हायेत, आत्याबाई? एकच तं हाय. थे बसली. न मले भूक लागली हाय."

"झालं तं मंग." गोदाबाईने डबी उचलून उकिरड्याच्या दिशेने भिरकावली. "हळदीच्या दिवशी, घरच्या दान्यानं, नवरदेवाच्या आंगाले पयला हात हिचा लागून गेला. आमी सगळे उभे राहून पाह्यलं. आता जात्यावर अडवून काय होते? रीत मोडली नाही बाप्पा. रीत आपल्याआधी उठून बसली. जातं मांडा!"

जातं मांडवात आलं. खुंट्याला हळदीचं फडकं आणि आंब्याचं पान बांधलं. माणिकबाईने आपल्या खोलीतून गाडगं आणलं. उन्हात खडखडीत वाळवलेला हरभरा, घरची हळकुंडं, थोडी आंबेहळद, वाळ्याच्या मुळ्या. ती जात्यापुढे बसली. खुंट्याला हात लावताना तिचा हात थांबला. इतकी वर्षं रोजचं दळण याच जात्यावर तिनेच दळलं होतं. आज ते जड वाटलं.

समोर लुगड्याची सळसळ झाली. लीलाबाई तिच्यासमोर येऊन बसली होती.

"सरक जराशी. एकलीच दळशीन काय?"

"तुमचे हात दुखतात, जाऊबाई."

"घास टाकतो न मी. डाव्या हातानं."

"मंग मोठा टाका. लहान घास टाकला तं पीठ बारीक होते, आंगाले चिकटते. रवाळ पाह्यजे. मळ रव्यानंच निघते."

"मले शिकवते व!" लीलाबाई म्हणाली, आणि मोठा घास टाकला.

जातं फिरलं. पाळीतून पिवळंधमक, खरखरीत पीठ गळू लागलं. माणिकबाईने ते मनगटावर चोळून पाहिलं. मळाच्या बारीक वळ्या सुटल्या आणि खालचं कातडं पणतीसारखं उजळलं. तिने मान हलवली, आणि न ठरवता तिच्या गळ्यातून ओवी निघाली.

काळ्या वावरात कापूस, विहिरीशी हिरवं रान
माह्या राजसाच्या हळदीले माह्या हातचं वाण

तट्ट्यामागे राहून राहून तिचा आवाज एवढा मोकळा आहे, हे कोणाला माहीतच नव्हतं. दुसऱ्या ओळीला लीलाबाईने साथ दिली. तिसऱ्या ओवीला मांडवातल्या सगळ्या बायका होत्या. पलीकडच्या गल्लीतल्या दोघी, ज्यांचेही पाट लागलेले होते आणि ज्या रीतीप्रमाणे मांडवाबाहेर उभ्या होत्या, त्या गोदाबाईकडे बघत बघत एक पाऊल आत आल्या. गोदाबाई दुसरीकडे बघू लागली. त्या आणखी आत आल्या.

पिठात साय पडली, तिळाचं तेल पडलं. दुपारी शेषराव पाटावर बसला तेव्हा पुरळाच्या जागी फिकट खुणा उरल्या होत्या. उटण्याचा पहिला हात माणिकबाईने त्याच्या कपाळाला लावला, मग गालाला, मग खांद्याला. तो दात विचकून हसत होता.

"हसू नोको. तोंडात जाईन."

"गेलं बी. चांगलं लागते."

न्हाऊ घालून त्याला उभा केला तेव्हा त्याचं अंग तांब्याच्या नव्या घागरीसारखं झळकत होतं. वाजंत्र्यांनी सनई अशी फुंकली की रस्त्यावरची चांदीच्या शेंब्यांची बैलजोडी बुजली.

सूर्यभान ओसरीच्या खांबाजवळ आला. खांबाकडे तोंड करून खाकरला. "खांबदेवा, घरात सांग. येत्या मिरगाले विहिरीकडच्या पट्टीत नांगर येनार नाही."

माणिकबाईने पदर पुढे ओढला. "खांबदेवा, भासऱ्यांले सांग. एका पट्टीत एकाचं लगीन झालं. घरात आनखी पोट्टे हायेत. पट्ट्या वाढवा लागतीन."

सूर्यभानने खांबावर बोटं वाजवली. मग फेट्याखालून हसला. त्याचं हसू खांबानेच काय ते पाहिलं.

आता उष्टी हळद जायची होती. नवरदेवाच्या अंगाची हळद नवरीला लागते, तेव्हाच ती नवरी होते. चांदीच्या ताटात वाटी, वाटीत उरलेलं उटणं, वर जरीचा रुमाल. ताट देवीदासने स्वतः उचललं. पुढे वाजंत्री, मागे बायका. माणिकबाई मांडवाच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. नवरदेवाच्या आईने जानोशात जायचं नसतं. ही रीत पाळताना तिला पहिल्यांदाच गंमत वाटली.

ऊन कलायला लागलं तेव्हा बरोबर गेलेला चंद्रभान, देवीदासचा चुलत भाऊ, एकटाच परत आला. घाम पुसत त्याने सांगितलं. जानोशाच्या दारात नवरीची आई पार्वताबाई उभी होती. जात्यावरच्या ओव्या तिथवर ऐकू गेल्या होत्या. तिने रुमाल उचलला, उटणं बोटावर घेतलं, हुंगलं, आणि विचारलं, "जात्याले पयला हात कोनाचा?"

"मंग?" गोदाबाई म्हणाली.

"देवीदास बोलला, पोराच्या मायचा. तिनं विचारलं, माय पाटाची न? देवीदास बोलला, हो, पाटाची. मान वर करून बोलला."

"मंग?"

"मंग तिनं ताट घेतलं, आत गेली, न दार लावलं. वाजंत्री निंबाखाली बसले हायेत. देवीदास दारात उभा हाय."

वाटी रिकामी परत आली तर लग्न, भरलेली परत आली तर मोडलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माणिकबाईने जात्यावरचं फडकं सोडलं नाही. पाळीत राहिलेलं पीठ तिने कुंच्याने गोळा केलं, गाडग्यात भरलं, झाकण लावलं, आणि मांडवाच्या दारात येऊन उभी राहिली.

ताट आत आहे. अजून बाहेर आलेलं नाही.